वरच्या फाट्याची गाडी

आमच्या वाडीत एसटीची वेळ विचारायला कोणी स्टँडवर जात नाही. आमच्या पडवीत येतात. माझे वडील दत्ताराम एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मालवण, कुडाळ, कणकवली या तिन्ही स्टँडांवरून कुठली गाडी कधी सुटते, कुठल्या गाडीला गर्दी आणि कुठल्या गाडीत आडवं पडून जाता येतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, "दत्तारामाक विचार" हे वाडीचं एकच उत्तर. फलक वाचायचा तो मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांनी.

म्हणून मला ओरोसला नोकरी लागली तेव्हा मीही दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. घरात वेळापत्रक पाटावर जेवायला बसतं, तर फलक कोण वाचणार? चूक माझीच झाली, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

बाबांची ख्याती नुसत्या वेळापत्रकाची नव्हती. ते वस्तीच्या गाडीवर होते तेव्हाची गोष्ट. ही गाडी संध्याकाळी गावात मुक्कामाला येते आणि सकाळी देवळाकडून सुटते. बाबा बेल मारायच्या आधी वाडीतल्या कॉलेजच्या मुली मोजायचे. एक कमी असली की दोरीला हात नाही. शेजारच्या सीतेचा बारावीचा पेपर होता, त्या दिवशी तिच्या घरात काही गडबड झाली आणि ती आलीच नाही. बाबांनी नऊ मिनिटं गाडी धरली. प्रवासी ओरडले, ड्रायव्हर ओरडला, पुढे खात्याने मेमो दिला. बाबांनी तो मेमो घरी आणून ट्रंकेत जपून ठेवला, आणि आल्यागेल्याला काढून दाखवला. सीता आज नर्स आहे. अजून गणपतीत येते तेव्हा आधी बाबांच्या पाया पडते, मग गणपतीच्या.

अशा माणसाची मी मुलगी. अनुजा. कोल्हापुरात शिकले, तिथेच पाच वर्षं खोली घेऊन नोकरी केली, आणि आईचे गुडघे गेले म्हणून परत आले. ओरोसला जिल्ह्याच्या एका कार्यालयात अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळालं, सहा महिन्यांच्या कंत्राटावर. काम बरं वाटलं तर मुदतवाढ. आईजवळ राहून स्वतःच्या पायावर उभं राहायची माझ्यापुढे ती एकच वाट होती. ती गेली तर पुन्हा कोल्हापूरची खोली, नाहीतर घरची चूल.

आता ओरोसला जायचं कसं? आमच्या वाडीतून बाहेर पडायला दोन रस्ते. खाली खाडीच्या कडेने वस्तीची गाडी, ती मालवणला नेते. आणि वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं पठार. वीस मिनिटांचा चढ चढला की वरचा फाटा. लहानपणचं मला आठवत होतं, आचऱ्याकडून एक गाडी त्या फाट्यावर यायची आणि कसालमार्गे थेट ओरोसला जायची. मी विचारलंसुद्धा.

"बाबांनू, ती वरच्या फाट्याची गाडी?"

"ती खंय आता! कोरोनात बंद पडली ती पडलीच," बाबा म्हणाले. ते सुपारी कातरत होते, नजर अडकित्त्यावर. "तू अशी कर. वस्तीच्या गाडयेन मालवण. थंयसून कुडाळची गाडी, चौक्यावरून. नवाक कुडाळात पोचतलंस. थंय कणकवलीची गाडी उभीच आसता. ती तुका ओरोसाक सोडतली."

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी ते कंडक्टरी अक्षरात लिहून दिलं, तीन ओळी, पुढे वेळा. मी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

कागदावर सगळं बरोबर होतं. मालवणची गाडी कुडाळला नवाला पोचायची. फक्त कणकवलीची गाडी तिथून नवाला पाच कमी असताना निघून गेलेली असायची. पुढची साडेनऊला. ऑफिसात बोट ठेवायचं मशीन पावणेदहाला लेट मार्क लावतं, आणि मी धापा टाकत पोचायचे दहाला. मॅजिक, म्हणजे वडापची छोटी गाडी, भरलेली मिळाली की तीत अर्ध्या मांडीवर बसून वेळेत जायचे, पण मॅजिकवाला भरल्याशिवाय हलत नाही. त्याला माझ्या लेट मार्कांचं काय!

रोज संध्याकाळी पडवीत पाऊल टाकलं की बाबा विचारायचे, "आज किती वाजता पोचलंस गो?"

"धा वाजले."

"अरेरे! उद्या दाराकडच्या सीटर बस. कुडाळात पयली उतरशीत."

मी दाराकडच्या सीटवर बसले. पहिली उतरले. गेलेल्या गाडीचा धूर तेवढा सगळ्यांच्या आधी मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, स्टँडात जाऊ नको, बाहेरच्या रस्त्यावर उभी राहा. राहिले. तिथे गाडी थांबली नाही. एकदा कुडाळच्या स्टँडवर धावताना चपलेचा अंगठा तुटला आणि मी ओरोसला एक पाय घासत गेले. बाबांनी त्या संध्याकाळी ती चप्पल स्वतः जाऊन शिवून आणली. "किती सुकलंस गो," म्हणाले. मला भरून आलं. या वयात माझ्यासाठी एवढा जीव टाकणारा बाप कोणाला मिळतो, असं वाटलं. हे आता आठवलं की स्वतःचा राग येतो.

पहिला महिना संपायला चार दिवस असताना साहेबांनी बोलावलं. "अनुजा, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण मुदतवाढीच्या फाईलबरोबर हजेरीचा तक्ता जातो. सात लेट आहेत. आठवा लागला तर मला काही करता येणार नाही."

त्या संध्याकाळी कुडाळच्या स्टँडवर मी मालवणच्या गाडीची वाट बघत बसले होते. खाकीतला एक कंडक्टर समोर येऊन थांबला. "तू दत्तारामकाकांचा चेडू मां? मी परशुराम. काकांच्याच हाताखाली शिकलंय मी. तू हय खंय?"

मी त्यांचीच मुलगी म्हटलं आणि ओरोसचं सांगितलं.

"मगे कुडाळातसून कित्याक जातंस? आमची आचरा-ओरोस आसा मां! पावणेआठाक तुमच्या वरच्या फाट्यार, सव्वानवाक ओरोसात."

"ती बंद झाली मां?"

"कोणी सांगल्यान? दोन वर्सां झाली परत चालू होवन. मीच आसंय तेच्यार." तो हसला. "काकांका म्हायत आसा. गेल्या म्हयन्यात मुद्दाम सडो चढान फाट्यार इल्ले. गाडी येळार येता काय, बसाक जागा गावता काय, सगळा विचारल्यानी. मी सांगलंय, काकांनू, एक मिनिट इकडचा तिकडे होवचा नाय. माका वाटला, तुझ्यासाठीच विचारतत."

गेल्या महिन्यात म्हणजे मला नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात. बाबा विसरले नव्हते. चुकले नव्हते. पासष्टीला टेकलेला माणूस तो चढ चढून गेला, चांगली गाडी कोणती याची खात्री करून घेतली, आणि खाली येऊन मला वाईट गाडी लिहून दिली. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपण रोज संध्याकाळी शेताला विचारत होतं, बाई गं, कशी आहेस?

घरी पोचले तेव्हा बाबा परसात मोजायची टेप घेऊन उभे होते. माझा भाऊ विनीत मुंबईला असतो. त्याने घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायला काढल्या आहेत. जोत्याचं काम आटोपत आलं होतं.

"आज किती वाजता पोचलंस गो?" बाबांनी विचारलं.

"बाबांनू, वरच्या फाट्याची गाडी चालू आसा."

टेप सर्रकन डबीत आत गेली. "कोणी सांगल्यान?"

"परशुरामान. तुमी तेका विचारूक गेल्लात, तांय सांगल्यान."

मागच्या दारात आई बसली होती, नारळ खवत. ती वर बघेना. तेव्हाच कळलं, हिलाही ठाऊक आहे.

बाबा जोत्यावर बसले. खोटं बोलायचा त्यांनी प्रयत्न केला नाही, एवढं मान्य करते. "विनीतान चार खोल्ये काढल्यान. मे म्हयन्यात पावणे येतले. तुझ्या आयेच्या गुडघ्यांनी तेंचा रांधाप होवचा नाय. घरात कोणतरी व्हया."

"मगे माका तसा सांगूचा होता."

"सांगला असता तर भांडान गेली असतंस. परत कोल्हापूर. माका वाटला, चार दिस धावतलंस, दमतलंस, आपसूक घराक बसतलंस. कोणी जबरदस्ती केल्यान असा तुका वाटाचा नाय, आणि माकाय वायट होवचा नाय."

"सीतेसाठी नऊ मिनिटां गाडी धरलास तुमी. मेमो घेतलास."

"तां लोकांचा चेडू," बाबा म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात. "तू घरचा."

केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. त्याचा अर्थ मला त्या जोत्यापाशी कळला. आत जाऊन मी कपाटाच्या दाराचा तो कागद काढला. त्याला गोंद इतका चांगला लावला होता की तिसरी ओळ दारालाच राहिली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी निघाले. आई डबा भरत होती. "वायच थांब गो," म्हणाली. मी थांबले नाही. खाली न उतरता पाणंदीतून सड्याची वाट धरली. अर्ध्या चढावर छातीत कळ आली, पण थांबायला भीती वाटत होती. आठवा लेट मार्क डोळ्यांपुढे होता.

पावणेआठाला गाडी आली, मिनिट इकडे तिकडे नाही. परशुरामने दार उघडलं. मला पुढून दुसरी, खिडकीची जागा मिळाली. अशी जागा मला महिनाभर मिळू शकली असती.

तो बेल मारणार, एवढ्यात त्याचा हात थांबला. "काका येतत."

मी खिडकीतून पाहिलं. बाबा चढ चढत होते. एका हातात माझ्या डब्याची पिशवी, दुसरा हात वर. पाय टाकताना एक गुडघा बाहेर जात होता. "परश्या, थांबय रे!" त्यांचा आवाज फाटला.

"थांबतंय, काकांनू!" परशुराम ओरडला, आणि माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाला, "तेंचीच शिकवण ती. मागसून येणारो दिसलो काय बेल मारूची नाय."

बाबा अजून बरेच खाली होते. ते डबा द्यायला येत होते की मला उतरवायला? चुकलो म्हणायला, की आजची गाडी चुकवायला? महिन्यापूर्वी हा प्रश्न मला पडलाच नसता. बाबा धावत येताहेत म्हणजे माझ्यासाठीच येताहेत, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. आता त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघूनही मला सांगता येत नव्हतं. रडू आलं ते त्याचं.

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. घड्याळात सात अठ्ठेचाळीस झाले होते.

मी उठले, परशुरामच्या डोक्यावरून हात घातला आणि दोरी दोनदा ओढली. गाडी हलली.

"अगो, काका!" परशुराम म्हणाला.

"ते येवचे नाय," मी म्हटलं आणि खाली बसले. मागे वळून बघितलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. बघितलं. वळणावर गाडी मंदावली तोवर बाबा फाट्यावर पोचले होते. त्यांचा वर केलेला हात तसाच होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मी मशीनवर बोट ठेवलं. पुढे कोणी नव्हतं. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले तेव्हा शेजारच्या टेबलावरची रिया म्हणाली, "डबो खंय गो? आणूक नाय?"

"आणलेलो," मी म्हटलं. "फाट्यार ऱ्हवलो."

तिने तिची एक भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली.