राणी आणि खेचर

"उद्या जबड्याचं हाड काढणार. त्याआधी माझा एक फोटो काढा," बायको म्हणाली. "मोबाईलवर सगळ्यांनी काढलेत. तुमच्या हातचा एकही नाही."

खरंच होतं. चाळीस वर्षं तो लोकांचे कॅमेरे दुरुस्त करत आला आणि घरचं तेवढं राहून गेलं.

कपाटात दोन जुने कॅमेरे होते. एक राणी. चकचकीत, दुर्मिळ, हौशी लोक मागाल ती किंमत देतील अशी. दुसरं खेचर. रंग उडालेलं, दोनदा जिन्यावरून पडलेलं, मोलाने कवडीचं, पण कधी अडलं नाही. गिऱ्हाइकांना तो बजावायचा, "मिरवायचं तर राणी, भरवसा ठेवायचा तर खेचर. आणि कुठलाही असो, महिन्याला चारदा शटर उडवा, नाहीतर आतलं तेल गोठतं."

दुसऱ्याला सांगताना माणूस संत असतो. स्वतःच्या घरात शिरताना शहाणपण चपलांपाशीच थांबतं. ओरखडा पडेल या धास्तीने अकरा वर्षं त्याने राणीला हात लावला नव्हता. आज बायकोच्या मानाला शोभावी म्हणून घरातलं एकुलतं रीळ त्याने राणीतच भरलं.

खिडकीतला उजेड उतरत होता. तिला दाखल करायला मेहुणा सहाला गाडी घेऊन येणार होता.

बटण दाबलं. शटर अर्धं उघडून तिथेच थांबलं. रीळ परत गुंडाळायची मूठही फिरेना. "देवा, आज नको रे! हवं तर माझा हात मोड."

"खेचर आणा," ती म्हणाली.

"रीळ हिच्यात अडकलंय! उजेडात उघडलं तर वाया जाईल."

"मग अंधार करा." तिने जाड रजई दोघांच्या डोक्यावरून ओढली.

चाचपडत त्याने फिल्म सोडवली आणि खेचरात भरायला घेतली. बोटं थरथरत होती, टोक दोनदा निसटलं. मग तिने ते धरून ठेवलं.

"इतक्या वर्षांनी एका पांघरुणात," ती हसली, "तेही सवतीला मध्ये घेऊन."

खेचराचं झाकण लागलं आणि खाली हॉर्न वाजला. मेहुणा वर आला. "ताई, चल. भाऊजी, उशीर झाला तर दाखल करून घेणार नाहीत." त्याने टेबलावरची तिची बॅग धरली.

"बॅगेला हात लावू नकोस!" तो मेहुण्यावर ओरडला.

एवढ्या उजेडात शटर अर्धा सेकंद उघडं राहणार, आणि हात हे असे. त्याने खेचर त्या बॅगेवर टेकवलं, श्वास रोखला.

"हसू?"

"मघाशी हसलीस तशी."

दुखत होतं, तरी ती हसली. शटर उघडल्याचा खट्, मग मिटल्याचा. दोन्ही त्याने कान देऊन ऐकले. हसू आलं की नाही, ते रीळ धुतल्यावरच कळणार.

"आला?"

"खेचर आहे," तो म्हणाला. "अडत नाही."

खेचर गळ्यात अडकवून त्याने बॅग उचलली. राणी रजईतच राहिली.