जीपच्या टपावरची पेटी

बावीस वर्षं मी लोकांच्या बोटांना सुया टोचतोय. मोलगीकडे मला हारुनभाई कमी आणि सुईवाला जास्त म्हणतात. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, आणि नेमकी आत्ता माझी अक्कल गहाण पडली.

एप्रिलात मोलगीच्या बाजारात सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं. जीप खच्चून भरलेली. तपासणीच्या औषधाची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात एक म्हातारी चढली. जीपवाला सुपडू म्हणाला, "भाई, पेटी वर टाकी दे ना!" टाकली. दीड तास टपावर उन्हात भाजली. त्या दिवशी एकशे चाळीस जणांचं रक्त तपासलं, पण एकही नळी गढूळ, म्हणजे सिकलसेलची, निघाली नाही. सगळ्यांना 'निरोगी'ची कार्डं! या डोंगरात? अहो, इथं दहा-बारांत एखादा निघतोच. औषध उन्हानं मेलं होतं.

आमचे साहेब डॉक्टर योगेंद्र, त्यांना जाऊन सांगितलं. त्यांचा त्याच आकड्यांवर शोधनिबंध तयार होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची, हारुनभाई," ते म्हणाले. "कोण लगेच मरतंय?" मी तीन आठवडे गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो.

मग एक दिवस मोलगीकडचा रूपचंद गूळ घेऊन प्रयोगशाळेत आला. "आमच्या रिनाची सोयरीक जमली, भाऊ. पोरीचं कार्ड चांगलं, पोराचंही चांगलं. तुमच्याच हातचं."

दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष बाळगणारे, निघाले तर त्यांचं लेकरू जन्मभर दुखण्यानं कण्हू शकतं, हे मीच शिबिरात घसा फोडून सांगितलं होतं. गूळ तसाच टेबलावर ठेवला. रूपचंदला सगळं सांगून टाकलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "बाकीच्यांना कोण सांगणार?"

पुढच्या बाजारी मीच सगळ्यांना सांगितलं, साहेबांना न विचारता. नव्या औषधाची पेटी या वेळी मांडीवरून हलवली नाही. एकशे चाळीसांतले नऊ जण पुन्हा तपासायला आले. सगळ्यांत पुढे रिना आणि तिचा होणारा नवरा.

दोन्ही नळ्या गढूळ झाल्या.

"नमुने नंदुरबारला पाठवतो, तिथं पक्कं कळेल," मी म्हणालो.

रिना नळीकडे बघत राहिली. "हे तरी खरं का?"

"खरं, बेटा."

"तेव्हाही असंच म्हणाला होतात."

जुनं कार्ड तिनं टेबलावर ठेवलं आणि ती चालू लागली. हाक मारावीशी वाटली, पण कुठल्या तोंडानं मारू?