प्लग तर बसला होता

लेकीला पहाटेच्या पाळीची नोकरी लागली आणि तिने जिन्याखालून तिच्या बाबांची सायकल बाहेर काढली. दिवा शाबूत होता, बॅटरीचा पॅक मात्र मेला होता. "नवा घेऊ, तू पण चल," म्हणाली. बसने जा, म्हणून मी परोपरीने सांगितलं. पण ती माझीच मुलगी, नको म्हटलेली गोष्ट आधी करणार.

तीन वर्षांपूर्वी ह्याच दिव्याने ह्यांना उतारावर दगा दिला. ट्रकवाल्याला हे दिसलेच नाहीत. "बाबा चार्ज करायला विसरले," असं लेकीने त्याच दिवशी ठरवून टाकलं. विसराळू होतेच ते. चष्मा कपाळावर आणि घरभर शोधाशोध. मी गप्प बसले. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्याचा मी फायदा घेतला.

खरं सांगायचं तर जुना पॅक जड होता, पॅडल मारताना ह्यांच्या गुडघ्याला लागायचा. मी आपली हौसेने छोटा, हलका पॅक आणला. प्लग बसला, घरात दिवा लागला, मी शेजारणीला बोलावून दाखवलासुद्धा. दिव्याच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं, तेव्हा हे जाऊन आठवडा झाला होता.

दुकानात सायकलवाल्याने दिवा आणि तो मेलेला पॅक शेजारी शेजारी ठेवले. चोराच्या मनात चांदणं! मी भिंतीवरचे पंप बघत उभी राहिले.

"हा पॅक कोणी लावला ह्याला?"

"का? प्लग तर बसतोय," लेक म्हणाली.

"प्लग काय हो, कुठलाही बसतो. व्होल्ट जुळतात, पण दिवा दोन अँपिअर मागतो आणि हा देतो एक. मंद लावलात तर चालेल. फुल केलात की पॅक स्वतःला वाचवायला बंदच पडणार. एकदम अंधार."

"चार्ज केलेला असला तरी?"

"काठोकाठ भरलेला असला तरी."

लेक माझ्याकडे वळली. "बाबांनी आणला होता हा?"

हो म्हणणं किती सोपं होतं. जीभ सवयीने तयारही झाली होती. तेवढ्यात सायकलवाल्याने नवा पॅक माझ्याच हातात दिला, "बघा ताई, हा चालेल," आणि मी तो उलटा करून तळाची बारीक अक्षरं वाचली.

"मी आणला होता," मी म्हटलं. "ते विसरले नव्हते. मला माहीत होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा निघताना मी विचारलं होतं, बॅटरी चार्ज केलीत ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "हो म्हणाले. मला वाटलं, थाप मारून गेले. त्या रागात मी त्यांना शेवटचं बघायलासुद्धा आले नाही, आई."

सायकलवाला बिचारा उगाचच फडक्याने दिवा पुसत बसला. मग त्याने नवा पॅक जोडून दिला. लेकीने दिवा मंद करून पाहिला, फुल करून पाहिला, बराच वेळ तसाच चालू ठेवला.

दुकानाच्या पायरीवरून सायकल उतरवताना मी मागून कॅरिअर धरायला गेले.

"नको," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस."