भिंतीतला गूळ

मला यातलं काही आठवत नाही. मी वर्षाची होते आणि बहुतेक वेळ रडत होते. म्हणून ही गोष्ट घरच्यांच्याच, म्हणजे आई, बाबा आणि थोरली बहीण वेणूताई यांच्या, तोंडून सांगते. ते एकमेकांना खोडून काढतात, तिथे मी मध्ये पडत नाही.

एवढं माझ्याकडून. साल चोपन्न. अंबरनाथला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं मंदिर बांधायला घेतलं होतं. वडील, शांतवन भिंगारदिवे, नगरहून आलेले गवंडी. दिवसभर एका कंत्राटदाराकडे कामगारांच्या चाळी बांधायचे. संध्याकाळी आणि सुट्टीला मंदिर बांधायचे, ते बिनमजुरीचं. राखण हवी म्हणून आम्ही जागेवरच राहायचो, अर्ध्या बांधलेल्या भिंतीला टेकवलेल्या खोपटात. घराच्या तीन बाजू पत्र्याच्या, चौथी देवाची.

आई, सगुणाबाई

पानी मी घालायचे. चुन्यातली दगडी भिंत, तिला पानी पाजावं लागतं लहान लेकरासारखं. तुझ्या वेळेला दिवस भरत आले तरी घागर सोडली न्हाई. तुझ्या बापाला विचार.

(बाबा: सोड म्हणालो होतो.)

म्हनाले व्हते. मी सोडली न्हाई. वेणूच्या पाठची दोन लेकरं मी नगरच्या मातीत ठेवून आले. एकाचं तर नावबी ठेवायचं राहिलं. एका सांजेला घागर रिकामी केली, ओल्या भिंतीवर हात ठेवला आन् म्हनलं, हे वर्षाचं होऊ दे. ह्याच्या भारंभार गूळ ह्या भिंतीत घालीन.

तिथे थांबून

गूळ का, असं मी लहानपणी विचारायचे आणि सगळे हसायचे. गवंड्याच्या घरात हे विचारायची गोष्टच नव्हती. हिरडा आणि गूळ पाण्यात भिजत घालायचा. बैलाने फिरवायच्या घाणीत चुना दळताना ते पाणी ओतायचं. चुना चिवट होतो, दगड सोडत नाही.

आणि भारंभार, म्हणजे वजनाइतकाच, का? आईची आजी गावच्या देवीपुढे लेकरं पारड्यात घालून गुळाने तोलायची. पुढे घर ख्रिस्ती झालं. देवी सुटली, पारडं सुटलं नाही.

बाबा

मला बोलली नाही. बोलली असती तर विचारलं असतं, पोर किती भरेल, तेवढा चुना भिजवायला बरा.

आई

म्हनूनच न्हाई सांगितलं.

पाळकसाहेबांकडे

मी वर्षाची झाले. आई मंडळीचे धर्मगुरू आढाव पाळकसाहेब यांच्याकडे वाढदिवसाच्या प्रार्थनेचं सांगायला गेली आणि नवसाचंही बोलून बसली. पाळकसाहेब चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"सगुणाबाई, नवस? हे आपण मागे ठेवून आलो ना?"

"आमी ठेवला, साहेब. भीती कुठं ठेवायची?"

पाळकसाहेब कडक होते, वाईट नव्हते.

"गूळ द्या. चुन्याला लागतोच. लेकरू जगलं त्याचे आभार म्हणून द्या. पण मंडळीत नवस हा शब्द काढायचा नाही. तुम्ही गूळ आणला तर उद्या दुसरा कोंबडं आणील, आणि मी कोणाकोणाला अडवू?"

"न्हाई काढायची."

"शब्द?"

"शब्द दिला, साहेब."

टोपणदासाच्या दुकानात

हे वेणूताई सांगते, कारण ती बरोबर होती आणि तिला नकला येतात.

उल्हासनगरला, सिंधी निर्वासितांच्या पाच नंबरच्या कॅम्पात, बराकीच्या तोंडाला टोपणदासाचं किराणा दुकान. दारात तीन बांबूंच्या तिकाटण्याला धान्याचा मोठा काटा टांगलेला. आईने मला गोधडीसकट पारड्यात ठेवलं. मी साखळी धरून भोकाड पसरलं. पारडं झुलायला लागलं.

"अरे साईं, बच्ची को पकडो! हलते है तो काटा खोटा बोलतो."

"धरलं तर माझ्या हाताचं वजन त्यात जाईल."

"तो गोधडी काढ. कपडे का वजन देवाला कशाला?"

"राहू द्या, गारठा हाय. गोधडीसकट घाला."

टोपणदासाने ढेपेवर हातोडी मारता मारता मान वर केली. "बाई, तीस साल दुकान केला, सिंध में और इधर. जास्ती तोलो बोलनेवाला गिऱ्हाईक पहिला देखा."

शेजारी डाळ घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "मुलगी आहे ना? गूळतुला तर मुलग्याची करतात."

आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "देवानं मुलगी दिली तर वजनात सूट दिली का?"

काटा स्थिर झाला. टोपणदासाने वर एक खडा टाकला. "ये मेरा. किसका मंदिर है, पूछता नहीं. बन रहा है ना? बस."

गुळासाठी पैसे आईने कुठून साठवले, हे तिने आजवर सांगितलेलं नाही. आम्हीही विचारत नाही.

शनिवार

गूळ टोपलीत घालून मंदिराच्या बाजूच्या खोलीत ठेवला. पुढच्या भिंतीचा वरचा त्रिकोण तेवढा बांधायचा राहिला होता. घाणी सोमवारी सुरू होणार होती. बाबा बैल आणायला बदलापूर गावात नाथा शेतकऱ्याकडे गेले आणि रविवारी संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते.

संध्याकाळी माझं अंग तापलं.

रविवार, वेणूताईच्या शब्दांत

आई उपासनेला आली नाही, तुला घेऊन घरी बसली. मी गेले. वर ताडपत्री, खाली सतरंजी. उपासना संपली आणि मोतीबाई उठल्या. त्या पंचांच्या बायको. हात सढळ, आवाज त्याहून सढळ. दुकानातल्या तुलेचं त्यांच्या कानावर आलंच होतं. टोपली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं बायांनो, शांतवनच्या पोरीचं वरीस भरलं! सगुणानं तिच्या वजनाचा गूळ वाटायला ठेवलाय. अन् स्वतः बघा, मागं राहिली. लाजते!"

तुलेचा गूळ वाटायचाच असतो. आमच्यातल्या प्रत्येक घरात कोणाच्या तरी आजीने वाटला होता. त्यामुळे कोणी विचारलंच नाही. पाळकसाहेब पुढे कोणाशी तरी बोलत होते, त्यांची पाठ होती. सगळ्यांनी खाल्ला. आर्डनन्स कारखान्याच्या क्वार्टरांतली पोरं दोनदा रांगेत उभी राहिली.

मी? चार खडे. पाचवा आईसाठी फ्रॉकच्या घेरात घेऊन धावत आले.

"आई, तुझा गूळ वाटला! सगळे तुझं नाव घेत होते!"

आई

मी काय बोलले?

वेणूताई

खडा घेतलास, हळूच तांब्यात ठेवलास. तान्हीला माझ्या मांडीवर दिलंस. मग घागर उचललीस.

रविवार दुपार

रविवारी आमच्यात काम करत नाहीत. आई भर उन्हात भिंतीवर पाणी मारत होती. पाळकसाहेब घरी जाता जाता थबकले.

"सगुणाबाई, आज रविवार."

"भिंतीला रविवार कळत न्हाई, साहेब. वाळली की तडकती."

"लेकरू कसं आहे?"

"तापलंय."

तोवर पाळकसाहेबांना कळलं होतं. हातात वाटलेल्या गुळाचा खडा होता, न खाल्लेला. ते म्हणाले, "तुम्ही मोतीबाईंना सांगून का नाही ठेवलं की हा भिंतीसाठी आहे?"

आईने घागर खाली ठेवली. "सांगितलं असतं तर त्या म्हनल्या असत्या, का? मग मी काय म्हनले असते? नवस म्हनायचा न्हाई असं तुमाला कबूल केलं व्हतं. तुमाला दिलेला शब्द मी पाळला, साहेब. त्याला दिलेला राहिला."

आणि मग, हे आई सांगत नाही, वेणूताई सांगते, ती हळू आवाजात म्हणाली, "दिलेलं मी परत घेतलं असं त्याला वाटलं, तर तो पन घेईल ना?"

पाळकसाहेबांनी टोपी घातली, भिंतीपाशी पडलेली बादली उचलली आणि चालायला लागले. घराकडे नाही, क्वार्टरांकडे.

बाबा

मी नाथाबरोबर बैल घेऊन येत होतो. दिवस मावळत होता. क्वार्टरांच्या रांगेत पाळकसाहेब एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरताना दिसले. हातात बादली. मला वाटलं, पाणी गेलं. नाथा म्हणाला, "तुमचा भटजी भीक मागतंय का काय?" मी म्हणालो, गप.

पाळकसाहेब दारोदार काय बोलले

मोतीबाईंकडून आम्हाला कळलं. सगळीकडे तेच वाक्य: "सगुणाबाईंचा नवस होता, भिंतीत घालायचा. मी त्यांचं तोंड बंद केलं. चूक माझी आहे, तुमची नाही. घरात गूळ असला तर ह्या बादलीत घाला, नाहीतर सकाळी आणा."

मंडळीत जो शब्द काढायचा नव्हता तो त्यांनी स्वतः दारादारात काढला.

सोमवार सकाळ, खोपटाच्या दारात

"सलाम, सगुणाबाई. हा घ्या. थोडा काळा आहे, पण नगरचाच आहे."

"आमच्या घरी गूळ नाही हो, साखर चालेल का? शांतवनला विचारा, साखर चालते का?"

"हा माझ्या बाळंतिणीच्या लाडवांतला राहिलेला. सुंठ लागली असेल."

"ह्याला दात लागलेत, बाई. पोरानं कालचा अर्धाच खाल्ला होता. त्याचं त्यानंच दिला."

"ह्यो आमच्या घरचा. बायकोनं बांधून दिल्ता बैलाला चारायला. बैल नाय म्हनाला." हा नाथा.

(बाबा: बैल नाही म्हणाला नव्हता. बैलाला विचारलंच नव्हतं.)

शेवटी मोतीबाई. अख्खी ढेप कडेवर, लेकरासारखी. पदर तोंडाला. "मेली मी, सगुणा. गूळ दिसला की माझा हात थांबत नाही गं. तोंडाआधी हात चालतो माझा."

"तुमचा हात चालतो म्हनून तर हिचं बाळंतपण निभलं, मोतीबाई. रडू नका. बसा. हिला घ्या जरा."

मोतीबाईंनी मला घेतलं. कपाळाला हात लावला, मानेला लावला. मग बोट तोंडात घातलं. "अगं, ही गार आहे की! अन् दात आलाय. हा बघ, वरचा."

ताप कधी उतरला, कोणालाच सांगता येत नाही. सगळे दाराकडे बघत होते.

काटा

कॅम्पात बातमी कशी पोचली कोण जाणे. टोपणदास सायकलवर आला, काटा खांद्याला अडकवलेला, पारडी खणखणत.

"चलो, तोल के लो. एक खडा कम निकला तो लोग बोलतील टोपणदासने मारा."

पोत्यावर ढीग पडला होता. काळा, पिवळा, चिक्कट, दात लागलेला, एका कोपऱ्यात साखरेची पुडी. बाबांनी मला उचललं, पारड्यात ठेवायला. सगळे सरकून जवळ आले.

आई म्हणाली, "न्हाई तोलायचं."

"अरे, नवस मोजून बोलली होती ना?"

"मी मोजून बोलले व्हते. त्यानं मोजून दिलं न्हाई. आता काटा लावला तर मलाच लाज." मग ती पाळकसाहेबांकडे वळली. ते सगळ्यांच्या मागे, ओतून रिकामी केलेली बादली धरून उभे होते. "साहेब, प्रार्थना करा."

"काय म्हणू, सगुणाबाई? तुम्हीच सांगा."

"आभार म्हना. एवढंच."

प्रार्थना छोटी झाली. पाळकसाहेबांची छोटी प्रार्थना मंडळीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

बाबा, सविस्तर

आता गवंड्याचं ऐका. एवढा गूळ एका त्रिकोणाच्या चुन्यात घातला असता तर चुना धरलाच नसता. जास्त गोड चुना आळसावतो. हे तिथे सांगायची माझी छाती नव्हती. नवसाचा गूळ, तो फेकता येत नाही, विकता येत नाही, परत खाता तर मुळीच येत नाही.

मग काय, चुना वाढवला. नाथाचा बैल एका दिवसासाठी आला होता, तो आठवडाभर फिरला. नाथा रोज म्हणायचा, उद्या जातो, आणि रोज सगुणाच्या हातची भाकरी खाऊन राहायचा. त्रिकोण झाला. वरचा लेप झाला. गुळाचं पाणी अजून पिंपात होतंच. चुना होता, फोडलेला दगड होता, आणि कामावरून सुटलेले लोक विचारत होते, आता काय?

मी म्हणालो, बाहेरून ओटा धरू या.

पाळकसाहेबांनी नकाशा काढला. नकाशात ओटा नव्हता. त्यांनी नकाशाची घडी घातली.

मी

तो ओटा मंदिराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून आहे, गुडघ्याएवढा उंच, सावलीचा. उपासनेत ज्यांचं लेकरू रडतं त्या बाया उठून तिथे येऊन बसतात. उघड्या खिडकीतून आतलं सगळं ऐकू येतं. रडणारं लेकरू घेऊन मीही तिथे बसले आहे, आधी माझं, मग वेणूताईच्या मुलीचं. आईला आत पुढची सतरंजी देतात, मान म्हणून. ती गाणं सुरू होईपर्यंत तिथे बसते, मग हळूच उठून बाहेर येते आणि नव्या आयांना म्हणते, "सरका जरा. रडू द्या गं त्याला, रडतंय म्हणजे बरं हाय."