दारातला क्रेट

माझ्या सुनेला दार लावायचं वळण नाही. घराचं नव्हे, दुकानामागच्या फ्रीझर खोलीचं. आत जाताना दारात रिकामा क्रेट सरकवणार आणि बाईसाहेब निवांत मटाराची पाकिटं मोजणार. बाहेरची दमट हवा आत शिरते, उंबऱ्यावर बर्फ साचतो, दाराचं रबर चिकटून फाटतं. या वर्षात दोनदा बदललं. थोरल्याला म्हटलं, बायकोला समजाव. "बघतो," म्हणाला. त्याचं बघणं म्हणजे विषय संपला.

मंगळवारी मीच पदर खोचला. "क्रेट काढ. दार कसं लावतात ते दाखवते."

"आई, थांबा, आतून ते..."

"मला शिकवू नकोस!"

लाथेनं क्रेट उडवला, आत गेले, दार ओढलं. झकास बसलं. बाहेर यायला आतली मूठ ढकलली, तर हलेना. खांदा लावला, तरी ढिम्म. हाका मारल्या, पण त्या जाड दारापुढे माझा आवाजसुद्धा माझ्याच कानात राहिला.

तेवढ्यात दार उघडलं. बाहेरची कडी धरून सून उभीच होती.

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. पण दुपारी दुकानात कुणी नसताना ही एकटी आत जाते, हे मला तिथं थंडीत उभं राहून कळलं.

दारवाल्या मिस्त्रीला लगेच बोलावलं. त्यानं मूठ खोलली. आतली दांडी बर्फात गच्च.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तीन महिने," सून म्हणाली. "ह्यांना दोनदा सांगितलं. म्हणाले, बघतो."

थोरला छताकडे बघत होता. तेवढं बघणं मात्र त्याला जमतं.

मिस्त्रीनं दांडी बदलली, रबर नवं बसवलं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. सुटेना. "घट्ट आहे बघा," तो म्हणाला. मी थोरल्याला आत उभं करून दार लावलं. मूठ ढकलून तो बाहेर आला, तोंड पाडून.

सून खाली मान घालून क्रेट उचलत होती.

"इकडे बघ," मी म्हटलं. "क्रेट ठेवत होतीस ते बरोबर. मला सांगितलं नाहीस ते चूक. यापुढे दाराचं काही झालं तर नवऱ्याची वाट बघायची नाही, थेट मिस्त्रीला फोन करायचा. आणि मी 'शिकवू नकोस' म्हटलं ना, तरी शिकवायचं."