अँटेनेवरचं लुगडं

मित्रांनो, कलकत्त्यातल्या बालीगंजच्या या तीन मजली घराच्या गच्चीवर या. पाण्याच्या टाकीमागे मायाळूचा वेल पसरला आहे, त्याची पानं जरा बाजूला करा. माशाच्या काट्यासारख्या ॲल्युमिनियमच्या नळ्या दिसतील. ती मी. एक जुनी अँटेना. वेल मात्र उपटू नका, त्याच्या पानांची भजी चांगली होतात.

माझा जन्म चांदणी बाजारामागच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या भावंडांची पातेली झाली, डबे झाले, आणि मला फार वाईट वाटलं. पातेल्याला निदान रोज कुणीतरी घासतं. पण त्याच वर्षी, पंचाहत्तर साली, कलकत्त्यात टेलिव्हिजन आला आणि आमचा भाव एकदम वधारला. पातेली चुलीवर गेली आणि मी गेले आभाळात!

मला विकत घेतलं दिगंबर करमरकरांनी. सरकारी कचेरीत अधिकारी, नागपूरहून बदली होऊन आलेले. माणूस सरळ, पण कौतुकाचा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे दाढ काढल्यासारखं करणारा. मिस्त्रीनं मला उंच खांबावर बसवलं, तोंड टॉलीगंजच्या मनोऱ्याकडे केलं आणि वायर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत सोडली. त्या वायरीतून चित्र खाली जायचं आणि घरातलं बोलणं माझ्याकडे वर यायचं. सौदा वाईट नव्हता. फक्त एक होतं. ज्या चित्रासाठी माझा जन्म, ते मला कधी दिसायचं नाही.

पण काय ते दिवस, मित्रांनो! संध्याकाळ झाली की दारात चपलांचा ढीग. फुटबॉलचा सामना असला की खालच्या रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा जिन्यात. वरच्या मजल्यावरच्या मीनाक्षीमाशी (बंगालीत मावशीला माशी म्हणतात) स्वतःचं मोडं घेऊन यायच्या, म्हणजे वेताचं बसकं स्टूल, आणि पहिल्या रांगेत बसायच्या. टीव्हीच्या लाकडी दारांची किल्ली करमरकरांच्या आईच्या, म्हणजे आजींच्या कनवटीला. चित्राच्या जागी मुंग्या धावायला लागल्या की करमरकर गच्चीवर यायचे आणि मला फिरवायचे. त्यांची लेक लीना जिन्यातून ओरडायची, "एशेछे, बाबा! ना, गेलं!" एशेछे म्हणजे आलं. तिचं मराठी असंच होतं, अर्धं पाऊल बंगालीत.

एकच गोष्ट मला जड जायची. आजींना, म्हणजे शारदाबाईंना, सोवळ्याचं लुगडं उंचावर वाळवायची सवय. कुणाचा हात लागता कामा नये. आणि साऱ्या गच्चीत माझ्याइतकं उंच कोण? त्या लांब काठीनं लुगडं उचलून माझ्या अंगावर टाकायच्या. कावळेही हसायचे.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात घरात एक बातमी आली आणि वायर थरथरली. टीव्हीवरच्या बायकांच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळातल्या आठजणींना मंगळागौरीचे खेळ करायला बोलावलं होतं. त्यांत लीनाची आई, विमल! आणि कार्यक्रम थेट दाखवणार. एकदा झाला की झाला, पुन्हा दिसणार नाही.

आजींनी त्याच क्षणी सुनेसाठी आपलं डाळिंबी लुगडं बाहेर काढलं. मीनाक्षीमाशींनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. करमरकर मात्र वर्तमानपत्रामागून म्हणाले की चाळिशीत एवढ्या उड्या मारायची काय गरज आहे. विमल म्हणाली, "अहो, कौतुक नका करू. पण नावं ठेवायला तरी पूर्ण बघा."

त्यानंतर रोज तिचं एकच काम. स्वयंपाक करताना पाय ताल धरायचे, आणि डोळे वर्तमानपत्राकडे. तो पेपर खाली येतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

मंगळवार उजाडला. आजी म्हणाल्या, देवीपुढचे खेळ, तेव्हा लुगडं सोवळ्यातलंच हवं. सकाळी ते धुतलं आणि टाकलं माझ्या अंगावर. नऊ वार ओलं लुगडं, आणि त्यात श्रावणातला वारा! ते असं फुगलं की हुगळीतल्या नावेचं शीड झालं. माझं तोंड टॉलीगंजकडून फिरलं ते थेट नदीकाठच्या बजबज गावाकडे. वाळल्यावर आजींनी काठीनं ओढलं, आणि मला खांबाला धरून ठेवणारी पकड कट्‌कन तुटली. अर्ध्या खांबापर्यंत घसरून मी मान टाकली. आजी लुगड्याची घडी घालत खाली गेल्या. दुपारी ते नेसायला घेऊन विमल स्टुडिओत गेलीसुद्धा.

संध्याकाळी बैठकीत मुंगीला जागा नव्हती. आणि आश्चर्य म्हणजे करमरकर कचेरीतून लवकर आले. डोकं दुखतंय म्हणाले. मग इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्ची मीनाक्षीमाशींच्याही पुढे ओढली. डोकं दुखणारा माणूस शर्ट बदलतो का?

लीनानं टीव्ही लावला. मुंग्या! नुसत्या मुंग्या.

करमरकर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. मला उचलून वळवलं, तर खालून एकच गलका, आलं आलं! सोडलं की पुन्हा मुंग्या. दोरीनं बांधून पाहिलं, मी घसरले. विटा रचल्या, मी कलंडले. लीना म्हणाली, मी धरते, तुम्ही खाली जा. पण तिचे हात पोचेनात. मीनाक्षीमाशींचा भाचा वर यायला निघाला, तेवढ्यात खालून झांजा वाजल्या. खेळ सुरू झाले होते. आता माणूस बदलला तर तेवढ्यात चित्र जाणार.

"राहू दे," करमरकर म्हणाले. "मीच धरतो."

पावसाची झिमझिम सुरू झाली. दोन्ही हात वर करून ते उभे. लीना जिन्याच्या तोंडाशी, एक डोळा खाली, एक वर.

"बाबा, आई दिसते. खूप छोटी आई."

"किती छोटी?"

"पेरूएवढी."

त्यांनी चेहऱ्यावरचा पाऊस खांद्याला पुसला. मग विचारलं, "घाबरलेली नाही ना?"

"ना, हसतेय. आता दोघी हात धरून गोल गोल. बाबा, केवढ्या जोरात!"

खालून फुगडीचा ताल येत होता, टाळ्या येत होत्या. आणि मला खांबातून एक बारीक ठोका जाणवायला लागला. टप, टप, टप. मित्रांनो, तो त्यांच्या पायाचा होता.

विमल घरी आली ती घामेजलेली, केसांतली अबोली विस्कटलेली, अजून त्याच लुगड्यात. साऱ्यांनी तिला घेरलं. माशींनी गाल कुस्करले. तिनं मात्र नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला कुठला खेळ आवडला?"

"सगळेच."

"सगळेच म्हणजे कुठले?"

तेवढ्यात आजींचा आवाज आला. "त्याला काय विचारतेस? त्याचे हात बघ. खांब होऊन उभा होता गच्चीवर."

ॲल्युमिनियमचा काळा रंग तळव्यांना लागला की सहज जात नाही. विमलनं ते हात उलटेसुलटे करून पाहिले.

सकाळी करमरकर बांबू आणि तार घेऊन मला बांधायला आले. मागोमाग विमल आली, लुगडं धुवायच्या आधी तेच पुन्हा नेसून, पदर खोचलेला.

"तार ठेवा खाली. हात द्या."

त्यांनी आजूबाजूच्या गच्च्यांकडे पाहिलं. "लोक बघतील."

"काल अख्ख्या कलकत्त्यानं बघितलं. तुम्हीच राहिलात."

मग तिनं सगळे खेळ केले. एकटीनं, उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांच्या आणि माशींच्या डाळीच्या वड्यांच्या मधून. शेवटी फुगडीसाठी त्यांचे काळे तळवे धरले. दोनच फेरे झाले, पण एक चप्पल उडून टाकीवर गेली. आणि करमरकर मोठ्यानं हसले. तसं हसू माझ्या वायरीतून कधी आलं नव्हतं.

पुढे केबल आली आणि मला खाली उतरवलं. कित्येक वर्षांत कुणी फडकं मारलेलं नाही. त्याची तक्रार नाही. मायाळूची सावली आहे. एकच मागणं आहे. तुमच्या घरात चित्र स्वच्छ दिसत असेल, तर कधीतरी जिन्यात जाऊन वर हाक मारा. कुणीतरी हात वर करून उभं असेल. त्याला विचारा, हात दुखतात का. आणि थोडा वेळ तुम्ही धरा.

माझं म्हणाल, तर मी जन्मात एकच कार्यक्रम पाहिला, त्या सकाळी, गच्चीवर. खाली बसलेल्या साऱ्यांना तो काळा-पांढरा दिसला होता. मला आणि करमरकरांना तो डाळिंबी दिसला.