नदीतली मगर

मुलांनो, एक जुनं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर बोटभर उंचीच्या अक्षरांत मथळा आहे, ‘नदीत मगर!’ तो मीच दिला होता. बातमीदाराने लिहिलं होतं, ‘मगरीसारखं काहीतरी दिसलं.’ मोठ्या अक्षरांत एवढं मावेना, म्हणून मी ‘सारखं काहीतरी’ उडवलं.

दुसऱ्या दिवशी तो लाकडाचा ओंडका निघाला. खुलासा आम्ही छापला, पण सहाव्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. तो कोण वाचतो! नदीवर पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांकडे एकही मूल फिरकेना. शेवटी ते छत्र्या दुरुस्त करायला बसले.

परवा माझ्या नातीला ते कात्रण सापडलं. ती पोट धरून हसली. मग मी तिला मास्तरांचं सांगितलं आणि तिचं हसू थांबलं.

“मथळा तुमचा होता, हे त्यांना माहीत आहे?”

“नाही गं. दुकानावरून गेलो की विचारतात, ‘काय पेपरवाले, मगर सोडणारं ते गाढव सापडलं का हो?’ मी मान हलवतो आणि सटकतो.”

“चाळीस वर्षं?”

मी कात्रणाची घडी घालू लागलो.

नातीने चित्रकलेच्या वहीचं पान फाडलं. त्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, ‘गाढव सापडलं!’ मग एका हातात तो कागद आणि दुसऱ्या हातात माझं बोट धरून ती छत्र्यांच्या दुकानाकडे निघाली.